पेशीवरची खूण: सीएलएलची ओळख कशी पटत गेली



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा आज आम्ही रक्ताच्या कर्करोगावर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील, आणि ते साहजिकच आहे. म्हणून आधी कारण सांगतो. आमचे एक स्नेही आहेत, वय ७४, बँकेतून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी त्यांची रक्ततपासणी झाली. पांढऱ्या पेशी थोड्या जास्त निघाल्या म्हणून डॉक्टरांनी पुढची एक तपासणी लिहून दिली. तिचा अहवाल एका रविवारी सकाळी फोनवर आला. त्यात लिहिलं होतं: सीडी१९ पॉझिटिव्ह, सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ पॉझिटिव्ह, एफएमसी७ निगेटिव्ह, कॅपा लाइट चेन रिस्ट्रिक्शन. खाली शेरा असा, की या पेशींचं रूप सीएलएलशी जुळतं. सीएलएल म्हणजे काय, हे त्यांनी फोनवरच शोधलं आणि तसेच आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत ना? मग एवढंच सांगा. मला कॅन्सर आहे की नाही? हो की नाही, एका शब्दात."

आम्हाला सांगता आलं नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही एका शब्दात सांगता आलं नाही, आणि डॉक्टर चांगले होते. एवढी महागडी तपासणी, इतक्या खुणा, आणि तरी 'हो' किंवा 'नाही' म्हणता येऊ नये, हे का? या प्रश्नामागे जाता जाता आमचं वर्षभर वाचन झालं. आज जे सांगणार आहोत ते त्या वाचनातून आलेलं आहे. औषधोपचाराचा सल्ला आम्ही देणार नाही, तो आमचा अधिकार नाही. आज बोलायचं ते खुणेच्या इतिहासाबद्दल.

हा आजार मुळात काय, ते थोडक्यात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे लिम्फोसाइट, मराठीत लसिकापेशी. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, यात एकाच लसिकापेशीची संतती वर्षानुवर्षं वाढत राहते आणि रक्तात, अस्थिमज्जेत, मानेतल्या-काखेतल्या गाठींमध्ये, पाणथरीत साठत जाते. आजार उतारवयातला. युरोप-अमेरिकेत प्रौढांच्या ल्युकेमियात हाच सर्वांत जास्त आढळतो. आपल्याकडे, आणि एकूण आशियातच, त्याचं प्रमाण बरंच कमी आहे. काही रुग्णांना निदानानंतर वीस-वीस वर्षं काही करावं लागत नाही, काहींना दोन-तीन वर्षांत उपचार सुरू करावे लागतात. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्याही पेशी जवळपास सारख्याच दिसतात: छोट्या, गोल, केंद्रकानं भरलेल्या. निरोगी माणसाच्या लसिकापेशीही अशाच दिसतात. सगळी अडचण इथून सुरू होते.

आता मागे जाऊ, १८४५ सालात. एडिंबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी छपरं शाकारणाऱ्या एका २८ वर्षांच्या कारागिराचं शवविच्छेदन केलं. त्याचं रक्त पांढुरक्या पेशींनी भरलेलं होतं. बेनेट यांना वाटलं, हा पू आहे, रक्तच पिकलंय. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी तसाच एक रुग्ण पाहिला. फिर्खो तेव्हा अवघे २४ वर्षांचे. त्यांनी लेखाला नाव दिलं, 'पांढरं रक्त'. कारण माहीत नाही, तर कारण सुचवणारं नाव द्यायचं नाही, जे दिसलं तेवढंच म्हणायचं. दोन वर्षांनी त्यांनी ग्रीक शब्द जोडून 'ल्युकेमिया' असं भारदस्त नाव केलं, पण अर्थ तोच राहिला. आधी कोणी पाहिलं यावर पुढे वाद झाला, तो आपण सोडून देऊ. मुद्दा असा, की बेनेट यांनी खुणेवरून थेट कारणावर उडी मारली, आणि फिर्खो खुणेपाशी थांबले. हा फरक पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर पॉल एर्लिख. हे विद्यार्थी असतानाच कापड रंगवायच्या ॲनिलीन रंगांच्या नादी लागले होते. कोणती पेशी कोणता रंग पकडते यावरून त्यांनी पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. आज आपल्या रक्ताच्या अहवालात जे पाच प्रकार छापून येतात त्यांचा पाया तिथे आहे. लसिकापेशी मात्र या रंगांच्या परीक्षेत कोरीच राहिली, तिच्यात नजरेत भरण्यासारखं काही नाही. याच एर्लिख यांनी १९०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीत व्याख्यान दिलं आणि आकृत्या काढून दाखवल्या: पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या आकारांचे खुंट आहेत, आणि ज्याचा आकार जुळेल तो पदार्थ त्या खुंटाला येऊन बसतो. तेव्हा अनेकांना ती कल्पनेची भरारी वाटली. पुराव्यासाठी सत्तर वर्षं जावी लागली.

मधल्या काळाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती ऐकून आम्हाला स्वतःला धक्का बसला होता. १९५०च्या दशकापर्यंत लसिकापेशी शरीरात काय काम करते हेच ठाऊक नव्हतं! म्हणजे कर्करोगाला नाव होतं, पेशीला नाव होतं, आणि पेशीचं काम अज्ञात. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की या पेशी रक्तातून लसिकाग्रंथींत आणि तिथून पुन्हा रक्तात अशा फेऱ्या मारत असतात, आणि रोगप्रतिकाराची सुरुवात त्यांच्याकडूनच होते.

आणि मग कोंबड्या. अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाचा तरुण संशोधक पक्ष्यांच्या शेपटीखाली असणाऱ्या 'बर्सा' या छोट्या पिशवीचा अभ्यास करत होता. ती काढून टाकलेल्या काही कोंबड्या त्याच्या एका सहकाऱ्यानं, टिमोथी चँग यांनी, वर्गात प्रात्यक्षिकासाठी मागून नेल्या. जंतू टोचले की रक्तात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार होतात, एवढंच मुलांना दाखवायचं होतं. प्रात्यक्षिक फसलं, प्रतिपिंडं झालीच नाहीत. एखादा शिक्षक वैतागून विषय सोडून देता. या दोघांनी तो धरून ठेवला आणि १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात लेख छापला. साहजिकच वैद्यकातल्या मंडळींनी तो बरीच वर्षं वाचला नाही. इकडे लंडनमध्ये जॅक मिलर हे उंदरांना विषाणूमुळे होणाऱ्या ल्युकेमियावर काम करत होते. त्यासाठी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस ही छातीतली ग्रंथी काढावी लागे. ती पिल्लं पुढे संसर्गानं मरू लागली. १९६१ मध्ये मिलर यांनी लिहिलं, की ही ग्रंथी निरुपयोगी नाही, प्रतिकारशक्तीचा एक मोठा भाग तिच्यावर उभा आहे. या दोन धाग्यांतून लसिकापेशींच्या दोन जाती निघाल्या. थायमसवरून टी आणि बर्सावरून बी. माणसाला बर्सा नाही, आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण अक्षर तेच चिकटलं.

टी आणि बी कामानं इतक्या वेगळ्या, पण दिसायला एकसारख्या. मग सीएलएलमधली पेशी टी की बी? विल्यम डॅमेशेक यांनी १९६७ मध्ये मांडलं होतं, की हा साठत जाणाऱ्या, प्रतिकाराच्या कामाला नालायक लसिकापेशींचा आजार आहे. फार चांगलं वर्णन, पण कोणत्या लसिकापेशी ते त्यांना सांगता येण्याजोगं नव्हतं. उत्तर पृष्ठभागावर शोधायचं होतं.

ते १९७० नंतर भराभर मिळालं. बी पेशी आपण बनवत असलेलं प्रतिपिंड स्वतःच्या अंगावर मिरवते, जसा कारागीर आपल्या मालाचा नमुना दारात टांगतो तसं. त्याला चिकटणारं चमकणारं रसायन वापरलं की बी पेशी सूक्ष्मदर्शकात कडेनं उजळते. १९७२ मध्ये बॉस्टनमध्ये एझेनबर्ग आणि ब्लॉक यांनी, पॅरिसमध्ये प्रुदोम आणि सेलिग्मान यांनी सीएलएलच्या पेशी अशा तपासल्या. बहुसंख्य रुग्णांत त्या उजळल्या, फक्त फार मंद. म्हणजे बी पेशी, पण मिणमिणत्या. टी पेशी ओळखायची रीत त्याहून गमतीची. मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी माणसाच्या टी पेशीभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटतात. १९७४ मध्ये असंही लक्षात आलं, की सीएलएलच्या बी पेशींना उंदराच्या तांबड्या पेशी चिकटतात. म्हणजे पेशीचं गोत्र ठरवायला प्रयोगशाळेत मेंढीचं आणि उंदराचं रक्त ठेवायचं! हसू नका, कित्येक वर्षं खऱ्या रुग्णांचं निदान यावर झालं आणि बरंचसं बरोबर झालं.

या काळातली एक खूण आमच्या मते सगळ्यांत सुंदर आहे. प्रतिपिंडाच्या रचनेत एक हलकी साखळी असते, तिचे दोन प्रकार, कॅपा आणि लॅम्डा. एक बी पेशी दोनांपैकी एकच बनवते. निरोगी रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारण दोन कॅपामागे एक लॅम्डा. सीएलएलच्या रुग्णात मात्र सगळ्या पेशी कॅपा, नाहीतर सगळ्या लॅम्डा. आमच्या स्नेह्यांच्या अहवालातलं ते 'कॅपा लाइट चेन रिस्ट्रिक्शन' म्हणजे हेच. एखाद्या गावच्या मतदारयादीत हजारो नावं आणि आडनाव मात्र एकच, असं दिसलं तर आपण काय म्हणू? सगळी एकाच घराण्यातली. इथे कोणतीही पेशी एकटी पाहिली तर तिच्यात काही वावगं नाही. वावगेपणा समूहात आहे.

आता थोडं आमच्या दुकानातलं. न्यायशास्त्रात खुणेला 'लिंग' म्हणतात. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हे लिंग, अग्नी हे साध्य. हे अनुमान टिकतं कशावर? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, या अव्यभिचारी संबंधावर. त्याला व्याप्ती म्हणतात. खूण जर अग्नी नसलेल्या जागीही सापडू लागली, तर तो हेतू 'सव्यभिचार' झाला, बाद झाला. वैद्यकाच्या इतिहासात हे इतक्या स्वच्छपणे घडलेलं आम्ही दुसरीकडे पाहिलं नाही. ते असं.

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली, मोनोक्लोनल अँटिबॉडी. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. आता पेशीच्या अंगावरच्या कोणत्याही एका खुंटाला नेमकं पकडणारं हत्यार हाती आलं. जो तो प्रयोगशाळेत अशी प्रतिपिंडं करू लागला. त्यांतलं एक फक्त टी पेशींना धरत होतं. कोणी त्या खुणेला टी१ म्हटलं, कोणी ल्यू-१, कोणी टी६५, कोणी टी१०१. नावांतच निवाडा होता: ही टी पेशीची खूण. आणि १९८० मध्ये फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी स्वतंत्रपणे छापलं, की ही टी पेशीची खूण सीएलएलच्या पेशींवर आहे. त्याच पेशींवर, ज्या प्रतिपिंड मिरवतात, म्हणजे ज्या निःसंशय बी आहेत.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे आपला नियम वाचवायचा आणि वस्तूला दोष द्यायचा: कर्करोगाची पेशी बिघडलेली, तिनं भलत्याच्या अंगरखा घातला. दुसरी वाट म्हणजे नियमच तपासायचा. पहिली सोपी होती आणि पुष्कळांना पटलीही. पण लंडनमध्ये कालिगारिस-काप्पिओ, यानोशी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या लसिकाग्रंथी आणि टॉन्सिल तपासले, आणि १९८२ मध्ये दाखवलं, की अशा बी पेशी निरोगी शरीरातही असतात, थोड्या असतात इतकंच. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये उंदरांतही तशाच सापडल्या. म्हणजे खूण खोटी नव्हती, 'टी पेशीची' हे नाव खोटं होतं.

त्याच १९८२ मध्ये पॅरिसला जगभरच्या प्रयोगशाळांची कार्यशाळा भरली. एकाच खुणेला चार-चार नावं, आणि कोणाचं प्रतिपिंड नेमकं काय धरतं याचा मेळ नाही, असा गोंधळ झाला होता. त्यांनी प्रतिपिंडं नावं झाकून एकमेकांना वाटली, प्रत्येकानं आपापल्या पेशींवर तपासली, आणि ज्यांचे निकाल एकसारखे आले त्यांचा एक पुंजका मानला. पुंजक्याला फक्त क्रमांक द्यायचा. सीडी म्हणजे 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन', असा पुंजका. त्या टी१-ल्यू१-टी६५ला क्रमांक मिळाला ५. आमच्या स्नेह्यांना अहवालातले हे आकडे निर्दय वाटले होते. "माणसाला कळेल असं नाव द्यायला काय जातं?" असं त्यांचं म्हणणं. पण नाव दिलं होतं तेव्हाच तर फसगत झाली होती. आकडा काहीच सुचवत नाही, हाच त्याचा गुण. फिर्खो यांना हे आवडलं असतं.

यंत्राबद्दलही दोन शब्द. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चमकणाऱ्या पेशी मोजणं हे डोळे शिणवणारं काम. स्टॅनफर्डचे लेन हर्झेनबर्ग त्याला कंटाळले आणि हे यंत्राकडून करून घेता येईल का, हे शोधू लागले. लॉस अलामॉसमध्ये, म्हणजे जिथे अणुबाँब घडला तिथे, मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी वेगळ्या करणारं यंत्र केलं होतं. त्यात शाईचे थेंब विद्युतभारानं वळवण्याचं तंत्र वापरलं होतं, जे इंकजेट छपाईचंही मूळ आहे. हर्झेनबर्ग यांनी त्याला चमक ओळखण्याची जोड दिली. पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात आणि प्रत्येकीच्या अंगावरची चमक मोजली जाते, सेकंदाला हजारो. हीच फ्लो सायटोमेट्री. आमच्या स्नेह्यांची तपासणी हीच.

सीडी५ एकटं पुरत नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कळणं जिवावरचं होतं. मँटल सेल लिम्फोमा नावाचा एक आजार आहे. त्याच्याही बी पेशींवर सीडी५ असतं, पण तो पुष्कळदा आक्रमक असतो आणि त्याचे उपचार वेगळे. सीएलएल समजून नुसतं थांबून राहिलं तर घात. म्हणून १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात एस्तेला मातुतेस आणि डॅनिएल कातोव्हस्की यांनी गुणपत्रिकाच केली. (कातोव्हस्की अर्जेंटिनाचे, मिलस्टीनही तिथलेच. या गोष्टीत त्या देशाचा वाटा मोठा आहे.) पाच खुणा, प्रत्येकीला एक गुण: सीडी५ आहे, सीडी२३ आहे, एफएमसी७ नाही, पृष्ठभागावरचं प्रतिपिंड मंद, सीडी२२ मंद किंवा नाही. बहुतेक सीएलएलना चार किंवा पाच गुण पडतात, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर आजारांना बहुधा दोन किंवा कमी. पुढे सीडी२२च्या जागी सीडी७९बी आलं. एफएमसी७ला तर सीडी क्रमांकच नाही, ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरची आद्याक्षरं अजून तशीच चालू आहेत.

यात लक्षात घ्या, पाचांपैकी एकही खूण एकटी अव्यभिचारी नाही. तीन तर 'नसण्याच्या' किंवा 'मंद असण्याच्या' खुणा आहेत. आपल्याकडे नैयायिक आणि मीमांसक यांच्यात अभाव कसा कळतो यावर शतकानुशतकं वाद झाला. हल्ली त्या अभावाला एक गुण मिळतो.

इथवर प्रश्न होता 'हा आजार कोणता' असा. रुग्णाचा प्रश्न निराळा असतो: 'माझं पुढे काय?' त्याचं सगळ्यांत टिकाऊ उत्तर कोणतीही पृष्ठखूण न वापरता दिलं गेलं. मूळचे जोधपूरचे कांती राय यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली पायऱ्या ठरवल्या: गाठी हाताला लागतात का, पाणथरी आणि यकृत वाढलंय का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती. बस. हात आणि साधी रक्ततपासणी. ती पद्धत आजही वापरात आहे.

पण पहिल्याच पायरीवरच्या रुग्णांतही नशिबं वेगळी निघत. १९९९ च्या सप्टेंबरात एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ आले. एक इंग्लंडमधून, टेरी हॅम्ब्लिन आणि फ्रेडा स्टीव्हनसन यांच्या गटाचा. दुसरा न्यूयॉर्कचा, निकोलस किओराझ्झी आणि तेच कांती राय यांच्या गटाचा. त्यात लेखकांच्या यादीतलं पहिलं नाव आहे आर. एन. दामले. आडनाव वाचून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो, हे कबूल करायला हरकत नाही. दोघांचं म्हणणं एकच: प्रतिपिंडाच्या जनुकात उत्परिवर्तन झालेलं असेल तर आजार संथ, नसेल तर चपळ. हॅम्ब्लिन यांच्या सुरुवातीच्या पायरीवरच्या रुग्णांत मध्यक आयुष्य एका गटाचं २९३ महिने, दुसऱ्याचं ९५. म्हणजे चोवीस वर्षं आणि आठ वर्षं, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या पेशींसाठी! जनुक तपासणं तेव्हा जिकिरीचं होतं. दामले आणि मंडळींनी सुचवलं, की पृष्ठभागावरची सीडी३८ ही खूण त्याच्या जागी चालेल. सगळ्यांना हायसं वाटलं. पण थोड्याच वर्षांत कळलं, की बऱ्याच रुग्णांत दोन्हींचं जुळत नाही, आणि सीडी३८ एकाच माणसात काळानुसार बदलूही शकतं. ती खूण टाकाऊ ठरली नाही, पण जनुकाची जागा तिला मिळाली नाही.

आता आपण आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाजवळ येतोय. यंत्रं बारीक झाली. मग कोणाच्या तरी मनात आलंच, की निरोगी माणसांचं रक्त या चाळणीतून घातलं तर? २००२ मध्ये लीड्सच्या अँडी रॉस्ट्रन आणि सहकाऱ्यांनी, रक्ताची मोजणी अगदी सामान्य असलेल्या, चाळिशीपुढच्या ९१० लोकांचं रक्त तपासलं. ३.५ टक्के लोकांत सीएलएलच्या खुणांच्या, एकाच घराण्यातल्या पेशी सापडल्या. शंभरात तीन-चार! सीएलएल त्या मानानं कितीतरी दुर्मीळ. मग या लोकांना काय म्हणायचं? 'मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस', एमबीएल असं नाव काढलं गेलं, आणि रेषा ठरली: अशा बी पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरला ५,००० किंवा अधिक, तर सीएलएल. कमी असतील, आणि गाठी वगैरे काही नसेल, तर एमबीएल. २००८ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे पक्कं झालं. त्याआधी ५,००० हाच आकडा एकूण लसिकापेशींचा होता. म्हणजे २००८ मध्ये काही माणसं, रक्तात काडीचाही फरक न पडता, ल्युकेमियाचे रुग्ण राहिली नाहीत. या वाक्यावर आम्ही बराच वेळ अडून होतो.

दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. २००९ मध्ये अमेरिकेत, सत्तर हजारांहून अधिक लोकांच्या एका मोठ्या पाहणीतले साठवलेले रक्तनमुने काढून पाहिले. पुढे ज्या ४५ जणांना सीएलएल झाला, त्यांपैकी ४४ जणांच्या जुन्या रक्तात त्या पेशी आधीपासून होत्या. आणि २००८ मध्ये लीड्सच्या गटानं सांगितलं, की ज्यांच्या लसिकापेशी वाढलेल्या आहेत अशा एमबीएलच्या लोकांपैकीही वर्षाला जेमतेम १.१ टक्क्यांना उपचारांची गरज पडते. जवळपास प्रत्येक सीएलएलच्या आधी एमबीएल, पण बहुतेक एमबीएलच्या नंतर काहीच नाही.

तर्कशास्त्राचे जुने विद्यार्थी इथे ओळखतील. धूर असेल तर अग्नी असतो. पण अग्नी असेल तर धूर असतोच असं नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या वाढीव अटीला आमच्याकडे 'उपाधी' म्हणतात. एमबीएल हा धुराविनाचा अग्नी. ओलं सरपण कोणतं, यावर आज जगभर काम चाललंय: जनुकाचं उत्परिवर्तन, गुणसूत्रांतले बदल, पेशींचा मूळ आकडा. पृष्ठभागावरच्या खुणा याबाबत फारसं बोलत नाहीत, कारण त्या एमबीएल आणि सीएलएल दोन्हींत त्याच आहेत.

खुणेचा आणखी एक उपयोग झाला, तो नुसता नोंदवतो. खूण म्हणजे पत्ता, आणि पत्ता असला की तिथे औषध धाडता येतं. बी पेशींवरच्या सीडी२०ला धरणारं रिटक्सिमॅब अमेरिकेत १९९७ मध्ये आधी लिम्फोमासाठी आलं, पुढे सीएलएलमध्येही वापरलं गेलं. सीडी१९ हा पत्ता देऊन रुग्णाच्याच टी पेशी घडवून सोडायच्या, हा प्रयोग २०११ मध्ये फिलाडेल्फियात सीएलएलच्या रुग्णांवर गाजला. त्याच पत्त्यावर जाणारा, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिलेला उपचार २०२३ मध्ये भारतात मान्य झाला, मात्र सीएलएलसाठी नव्हे, बी पेशींच्या इतर कर्करोगांसाठी.

आता ते स्नेही. त्यांच्या अहवालातल्या आकड्यावरून त्या बी पेशी ३,८०० निघाल्या. गाठी नाहीत, पाणथरी वाढलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हा एमबीएल, ल्युकेमिया म्हणायचं नाही, दर सहा महिन्यांनी रक्त पाहू. स्नेही आम्हाला म्हणाले, "म्हणजे नाही की अजून नाही?" वैशेषिकांनी अभावाचे प्रकार केले आहेत. घडा बनण्याआधी त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव, त्याला शेवट असतो. वाऱ्याला रंग नाही हा अत्यंताभाव, त्याला शेवट नाही. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की त्यांच्या रक्तात कर्करोगाचा कोणता अभाव आहे. आणि अडचण अशी, की प्रागभाव हा प्रागभाव होता, हे तो संपल्यावरच कळतं. एवढं आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग गुडघा करून घेतो."

गुडघा झाला. आता जिना चढतात. मागच्या तपासणीत आकडा ४,१०० होता, त्याआधीच्या वेळी ३,९००. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. चहा आलेला दिसतोय, तो झाला की प्रश्न घेऊ.